मूळ गाडी कुठली?

साशंक : आधी पैशांचं बोलून घेऊ, म्हणजे तो विषय बाजूला ठेवता येईल. चांगली राखलेली, चालती जग्वार एक्सजे-एस तुला बाजारात मिळत होती. ती सोडून तू 1978ची, कित्येक वर्षं शेडमध्ये उभी असलेली, खालून कुजलेली गाडी घेतलीस. नुसत्या पत्रेकामात गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे गेले, हे तूच सांगितलंस. इंजिन अजून उघडायचंय. सगळं झाल्यावर विकायला काढलीस तर घातलेल्या पैशांतले निम्मेही हाती येणार नाहीत, कारण ही काही जग्वारची ती नावाजलेली ई-टाइप नव्हे. 21 वर्षं बनत राहिली, 1,15,413 बनल्या. दुर्मीळ म्हणावं असं तिच्यात काही नाही. घर गळत असतं तर मी म्हटलं असतं, डोक्यावर छप्पर हवं, दुरुस्त कर. ही पावणेदोन टनांची गाडी लिटरमागे चार-पाच किलोमीटर जाते, पुढे दोन माणसं बसतात आणि मागे जेमतेम दोन लहान पोरं. मग हा खटाटोप कशासाठी?

हौशी : पैशांचं तुझं सगळं मान्य. जुनी ब्रिटिश कूपे गुंतवणूक म्हणून घ्यायला निघालेल्या माणसाला मी हात धरून थांबवेन. काही ॲस्टन, काही बेंटली, सुरुवातीच्या ई-टाइप यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च किमतीला केव्हाच मागे टाकतो, हे घेण्याआधीपासून मला ठाऊक होतं. पण चालती का घेतली नाहीस, याचं उत्तर अनुभवाचं आहे. आधीची एक्सजे-एस मी तशीच घेतली होती. रंग आरशासारखा, आतलं चामडं मऊ. दाराखालचे सिल नवे बसवल्याचं एका वर्कशॉपचं बिलही सोबत होतं. दुसऱ्या हिवाळ्यात जॅक लावला, तर गाडी उचलली जायच्या ऐवजी जॅकच गाडीत शिरला. सिल नवे होते हे खरं, पण कुजलेल्या पत्र्यावरच वरून वेल्ड केलेले. आत हात घातला तर मूठभर लाल भुगा निघाला. या गाडीला वेगळी चासी नाही, अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालचे सिल, मागच्या सस्पेन्शनचे रेडियस आर्म जिथे तळाला जोडतात त्या वाट्या, पुढच्या जॅकच्या जागा, मागच्या काचेशेजारून छपराच्या पाख्यांसारखे उतरणारे ते दोन बट्रेस आणि त्यांचे पायथे, या सगळ्या जागा आतून कुजतात. वरून रंग शाबूत असतो. म्हणून या वेळी ठरवलं, रोग डोळ्यांना दिसतोय अशी गाडी घ्यायची. निदान काय कापायचं ते कळतं.

साशंक : म्हणजे रोग तुला ओळखीचा होता. माझा खरा आक्षेप तिथूनच सुरू होतो, पैशांपासून नाही. हा रोग म्हातारपणाचा नाही, जन्माचा आहे. सप्टेंबर 1975 मध्ये ही गाडी बाजारात आली. ज्या ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली ती बनली, ती कंपनी त्याच वर्षी सरकारला आपल्या हाती घ्यावी लागली होती. तेलसंकटाला दोन वर्षं झाली होती आणि यांनी 5.3 लिटरची, 12 सिलिंडरची गाडी काढली. लोक ई-टाइपची वारसदार बघायला आले आणि ही लांब, रुंद, बसकी गाडी बघून परत गेले. पत्र्याच्या सांध्यांत सीलंट पोचलंय की नाही, पोकळ भागांतून पाणी बाहेर पडतंय की नाही, हे बघायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. 1980 साली वर्षभरात कशाबशा हजारेक गाड्या बनल्या. ती बंद करावी अशी बोलणी सुरू झाली होती. तू जे मोठ्या कष्टाने परत उभं करतोयस, ते मुळातच नीट उभं नव्हतं. जुनी पैठणी दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असतं की विणणाऱ्याने जीव ओतला होता. इथे ज्यांनी बनवली त्यांनीच तिच्यावर माया केली नाही, मग तू कशावर माया करतोयस?

हौशी : हे शेवटचं वाक्य मागे घे. कोव्हेंट्रीत जग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात जुळणी करणारा, कॅसल ब्रॉमविचला पत्रा जोडणारा माणूस आळशी होता असं म्हणणं सोपं आहे, आणि इंग्लंडमध्ये ते पन्नास वर्षं म्हटलं जातंय. आपण दोघं कारखान्यात काम करणारी माणसं. हाताखाली येणारा सुटा भागच वाकडा असेल, लाइन थांबवायची मुभा नसेल, रंगशाळा नवी आणि अर्धवट तयार असेल, तर जुळणाऱ्याच्या मायेने काय होतं? 1980 साली जॉन ईगन जग्वारचे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी आधी बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांना हात घातला, पुरवठादारांना जबाबदार धरलं. माणसं बरीचशी तीच होती, गाडी सुधारली. 1981 साली एचई ही तिची सुधारलेली आवृत्ती आली. एकेकाळी बंद पडायला आलेल्या याच गाडीने 1984 मध्ये शर्यतपटू टॉम वॉकिनशॉ यांना युरोपियन टूरिंग कारचं अजिंक्यपद मिळवून दिलं, त्याच वर्षी स्पाची 24 तासांची शर्यत जिंकली, आणि 1985 मध्ये ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट. म्हणजे मूळ रचनेत बळ होतं. ते बाहेर येऊ दिलं गेलं नव्हतं.

आणि रचनेबद्दल विचारतोस तर ऐक. आकाराची सुरुवात माल्कम सेयर यांची. हा माणूस युद्धकाळात ब्रिस्टलच्या विमान कंपनीत होता. सी-टाइप, डी-टाइप, ई-टाइप या तिन्हींच्या वक्ररेषा त्याने गणिताने मांडल्या, हाताच्या लहरीवर सोडल्या नाहीत. ज्या बट्रेसना लोक कुरूप म्हणाले, ते मागून सुटणारी हवा शांत करण्यासाठी आहेत. इंजिन वॉल्टर हॅसन, हॅरी मंडी आणि क्लॉड बेली यांचं. साठ अंशांत मांडलेले 12 सिलिंडर एकमेकांचे धक्के आपोआप खोडून काढतात, त्यासाठी वेगळा काही उपाय करावा लागत नाही. तंबोरा जुळला की चार तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत, एक वलय ऐकू येतं, तसं हे इंजिन चालू असताना बारा स्फोट ऐकू येत नाहीत. माझ्या मित्राकडच्या गाडीत मी ते पहिल्यांदा अनुभवलं, तेव्हाच ठरलं होतं. माझी माया त्या रचनेवर आहे. कारखान्याला ती पुरी करता आली नाही, मी करतोय.

साशंक : बघ, तू आता स्वतःच कबूल केलंस की तुझं प्रेम गाडीवर नाही, आराखड्यावर आहे. मग तो आराखडा तरी कुणाचा? सेयर 1970 मध्ये गेले, गाडी यायच्या पाच वर्षं आधी. जग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स 1972 मध्ये निवृत्त झाले. उरलेली रेषा आतल्या लोकांनी पुरी केली, तीही एका सलूनचा तळ आखूड करून त्यावर बसवली. तुझ्या 1978च्या गाडीचा गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा, अमेरिकन. इंधनाचं इंजेक्शन लूकसचं, पण बॉशच्या पद्धतीवर बेतलेलं. एचईचं सिलिंडर-हेड मायकेल मे या स्विस अभियंत्याच्या कल्पनेवरचं. त्याने कॉम्प्रेशन 12.5:1पर्यंत नेलं आणि पेट्रोल वाचवलं. तुला 'मूळ ब्रिटिश लक्झरी' म्हणायचंय, पण तिच्यात जिकडे बोट ठेवावं तिकडे दुसऱ्याच देशाचा हात निघतो.

आणि सगळ्यात मजेचं, नव्हे, सगळ्यात महत्त्वाचं ते लाकूड. जुन्या ब्रिटिश लक्झरी गाडीचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड येतो. सुरुवातीच्या एक्सजे-एसमध्ये लाकूड नव्हतंच! त्यांना आधुनिक दिसायचं होतं, काळं प्लास्टिक आणि विमानातल्यासारखी मीटरं हवी होती. लाकूड आलं 1981 मध्ये, गिऱ्हाईक रुसलं म्हणून. आता तू काय करणार? 1978चा काळा डॅशबोर्ड ठेवलास तर बघणारा म्हणेल, हिच्यात लक्झरी कुठाय? लाकूड घातलंस तर ती तुझी गाडी राहिली नाही.

हौशी : काळाच ठेवलाय. तेवढा मोह मी टाळला. पण तुझ्या प्रश्नाला बगल देत नाही. सगळीकडे मी टाळलेला नाही. सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत इंजेक्टरच्या बारा आखूड रबरी नळ्या आहेत. खाली इंजिनची उष्णता, आत दाबाखालचं पेट्रोल. रबर कडक होतं, चिरतं, पेट्रोल तापलेल्या धातूवर ठिबकतं आणि गाडी जळते. अशा किती एक्सजे-एस गेल्या! त्यात 2021 पासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, जुन्या रबराला ते सोसत नाही. मी सगळ्या नळ्या आजच्या, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवल्या. डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली आगाऊ ठिणगी देणारी यंत्रणा त्याच खोबणीत भाजून कोरडी पडते, आखडते; ती पूर्ण खोलून परत केली. रेडिएटर जास्त कार्यक्षम घातला, कारण हे इंजिन एकदा तापलं की ॲल्युमिनियमचे हेड वाकतात, आणि हेड काढायचे म्हणजे लांब स्टडवर ते असे जाम बसलेले असतात की उपटायला खास पुलर लागतो. मागचे ब्रेक मात्र होते तसेच ठेवले. ते चाकांपाशी नाहीत, मधे डिफरन्शियलला चिकटून आहेत. डिस्क बदलायची तर आख्खा मागचा एक्सल उतरवावा लागतो. 1993 मध्ये जग्वारनेच ते बाहेर नेले. मला सोपं झालं असतं, पण नाही नेले.

साशंक : का नाही नेले? नळ्या बदलल्यास, रेडिएटर बदललास, ब्रेक मात्र पवित्र? यात नियम कुठला?

हौशी : नियम असा की जे गाडीचा जीव घेईल ते बदलायचं, आणि जे फक्त माझा जीव खाईल ते ठेवायचं. मागच्या ब्रेकनी कुणाची गाडी जळत नाही, फक्त माझा आठवडा जातो. हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला नाही. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढून देणाऱ्या कारागिराजवळ बसून मला तो कळला. तारेखाली घोडी झिजते, आवाज बोथट होतो, मग तो घासून तिचा उतार पुन्हा साधतो. दरवेळी घोडीचा थोडा भाग कायमचा जातो. तरी कुणी म्हणत नाही की हा तंबोरा आता मूळचा राहिला नाही. कारण तंबोरा वाजायला हवा. वाजणं हेच त्याचं मूळ. माझ्या गाडीचं मूळ म्हणजे तिचं शांतपणे, न थांबता, लांब पल्ला जाणं. ग्रँड टुअरर म्हणतात ते तेच. जे त्या जाण्याच्या आड येतं ते मी काढलं.

साशंक : दृष्टांत सुरेख आहे, पण तो तुला सोयीचा निवडलास. मी तुला दुसरा देतो, तोही आपल्याच गावाकडचा. काळ्या पाषाणाचं शेकडो वर्षांचं मंदिर. गावकऱ्यांनी श्रद्धेने वर्गणी काढली, शिखराला गुलाबी आणि पोपटी ऑइल पेंट दिला, सभामंडपात चकचकीत टाइल्स बसवल्या, झिजलेल्या मूर्तींच्या नाकाडोळ्यांना सिमेंट लावलं. त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात. तेही म्हणतात, देव पूजला गेला पाहिजे, पूजा हेच देवळाचं मूळ. श्रद्धेत खोट नाही, पैसा खिशातला, कष्ट स्वतःचे. आणि तरी दगडावरची छिन्नीची खूण कायमची गेली. उपयोग हा एकच निकष धरला तर तो पोपटी रंग तुला चुकीचा म्हणता येणार नाही.

हौशी : पण त्याच मातीत उलटंही घडलंय. 2024 मध्ये पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यावरची नंतरच्या काळात चढवलेली आवरणं उतरवून जुना दगड मोकळा केला. लोकांनी रांगा लावून ते रूप पाहिलं. म्हणजे सामान्य माणसालाही कळतं की वर चढलेलं काढल्यावर खाली काहीतरी खरं आहे.

साशंक : तिथे खाली खरा दगड होता म्हणून! तुझ्या गाडीत वरचं काढल्यावर खाली काय आहे? सीलंट न पोचलेला सांधा. घाईत मारलेला रंग. तेच तर तिचं खरं रूप आहे! एका देशाचा वाहनउद्योग कोसळत असतानाचा दस्तऐवज. तू आत बसून जवळजवळ प्रत्येक सांधा नीट वेल्ड केलास, पोकळीत मेण फवारलंस, रंगाचे थर हाताने घासलेस. 1978 मध्ये अशी एक्सजे-एस कोव्हेंट्रीतून कधीही बाहेर पडलेली नाही. शंभर वर्षांनी कुणी ती बघेल आणि म्हणेल, ब्रिटिश लेलँडमध्ये काय सुबक काम चालायचं! तू खोटं बोलत नाहीयेस, पण तुझी गाडी बोलेल. माझा आक्षेप उधळपट्टीवर नव्हताच रे. मला या गोडव्याची भीती वाटते. साम्राज्य गेलं, उद्योग गेला, आणि आता त्या उद्योगाच्या चुकाही आपण मायेने पुसतोय.

(इथे लिहिणाऱ्याला राहवत नाही. साशंकाचा हा मुद्दा मला या सगळ्या विषयातला सर्वांत जड मुद्दा वाटतो, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत तो कधी ऐकू येत नाही. तिथे 'कारखान्यातून आली तशी' हे सर्वोच्च कौतुक असतं. काही ठिकाणी तपासनिसाने चासीवर खडूने ओढलेली रेघसुद्धा नव्या खडूने परत काढतात. कारखान्यातून खरोखर जशी आली तशी गाडी मात्र पावसाच्या पाण्याने पाच वर्षांत कुजत होती, आणि तशी गाडी कुणालाच नको आहे. मला स्वतःला एक्सजे-एस एका बाजूने पाहिली की फार देखणी वाटते, मागून पाहिली की अजूनही परकी वाटते. तो परकेपणा कुणी घासून काढू नये एवढंच मनापासून वाटतं.)

हौशी : तू म्हणतोस ते मला लागलं. थोडा वेळ दे. ... एक गोष्ट आधी सांगतो. कायदाही या प्रश्नात अडकलाय. ब्रिटनमध्ये 40 वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर माफ होतो आणि दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट मिळते, पण ही सूट गाडीत मोठा बदल झालेला नसेल तरच. आता आख्खं अंगच बदललं तर? नियम म्हणतो, मूळच्याच नमुन्याचं असेल तर तो मोठा बदल नव्हे. म्हणजे पत्रा कुठला, कधीचा, हे कायदा विचारत नाही. नमुना तोच आहे का, एवढंच विचारतो. कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे आराखडा. मी एकटाच तसं मानत नाही.

साशंक : कायद्याला रस्त्यावर गाडी सुरक्षित आहे का एवढंच बघायचंय, इतिहास बघायचा नाही. इतिहास बघणारे वेगळं बोलतात. स्मारकांसाठी 1964ची व्हेनिसची सनद आहे. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, ट्युरिनची सनद केली. तिचा रोख असा की जतन आधी, आणि पुनर्निर्माण करावंच लागलं तर त्याची नोंद राहिली पाहिजे, नवं कुठलं ते ओळखता आलं पाहिजे. तुझ्या गाडीत ते ओळखता येतं?

हौशी : येत नाही. ओळखता येऊ नये यासाठीच तर मी पत्रेवाल्याला जास्तीचे पैसे दिले.

साशंक : तेच म्हणतोय मी.

हौशी : पण मग तू सांग, मी काय करायला हवं होतं? कुजू द्यायची? जतन म्हणजे सडताना बघत बसणं नव्हे. की वीज भरायची? 2017 मध्ये जग्वारच्याच क्लासिक विभागाने विजेवर चालणारी ई-टाइप झीरो केली, पुढच्या वर्षी विंडसरच्या राजघराण्यातल्या लग्नात ती जगाने पाहिली. धूर नाही, ठिबकणं नाही. तुझ्या सगळ्या शंका मिटतील.

साशंक : उलट वाढतील. धुराचं म्हणशील तर वर्षाकाठी हजार मैल चालणाऱ्या गाडीच्या धुरावरून मी भांडणार नाही. नवी गाडी बनवायलाही पोलाद आणि वीज लागतेच. पण 12 सिलिंडर काढून टाकले तर त्या गाडीत उरलं काय? नुसता पोशाख. तुझी निदान आवाजासकट आहे. तुला वाटतं मी तिच्या विरुद्ध आहे. मी विरुद्ध नाही. गेल्या महिन्यात तू मला तो वाकवलेला पत्रा दाखवलास ना, बट्रेसच्या पायथ्याचा? बाजारात तो भाग मिळाला नाही म्हणून तुझ्या पत्रेवाल्याने चाकावर लोळवून, ठोकून, मापं घेऊन हाताने बनवला होता. तो तुकडा हातात घेतल्यावर मी गप्प झालो, ते तुझ्या लक्षात आलं नाही. त्या वक्राला सेयर यांचं गणित आणि त्या माणसाचे हात दोन्ही लागलेले दिसत होते. ती विद्या जाऊ नये, एवढ्यासाठी अशा गाड्या दुरुस्त व्हाव्यात, हे मला मान्य आहे. आणि नेमकं म्हणूनच मी चिडतो. तू त्या माणसाचं काम वेल्ड करून, घासून, रंगाखाली नाहीसं केलंस. ब्राउन्स लेनच्या नावावर जमा केलंस. 1978 मध्ये न झालेलं चांगलं काम 1978च्या खात्यावर, आणि आज झालेलं काम कुणाच्याच खात्यावर नाही!

हौशी : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

साशंक : आपलंच उदाहरण घे. 2008 मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या. आपल्यासारखी कितीतरी माणसं पुण्याहून इथे इंग्लंडला आली, काही इथली माणसं तिकडे गेली. 2011 पासून पुण्यात त्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. उद्या कुणी म्हणालं की त्या सगळ्या 'कोव्हेंट्रीच्या परंपरेतल्या' आहेत, हात कुणाचे ते विचारू नका, तर तुला चालेल? जी ओळख तू स्वतःच्या कामासाठी मागतोस, ती तुझ्या पत्रेवाल्याला दे.

हौशी : कशी देऊ? सांग. गाडीवर त्याचं नाव घालू?

साशंक : नाव नको असेल तर तारीख घाल. ज्या प्रत्येक नव्या भागाला हात लागलाय, त्याच्या आतल्या बाजूला, रंगाखाली न जाणारी, ठोकलेली खूण. महिना, वर्ष. बाहेरून दिसणार नाही, पण जो उघडेल त्याला कळेल की इथपर्यंत 1978 आणि इथून पुढे आजचं. बाराच्या बारा नळ्यांची, रेडिएटरची, सगळ्याची वही ठेव. मग तुझा जीर्णोद्धार मला मान्य.

हौशी : तुला वाटतं तितकं सोपं नाही ते. वही ठेवलीच आहे, तिची अडचण नाही. अडचण त्या खुणेची आहे. खूण ठोकली की मी कबूल केलं की ही 1978ची गाडी नाही. मी आत बसतो, किल्ली फिरवतो, इंजिन लागतं, बॉनेट समोर लांबवर पसरलेलं दिसतं. त्या क्षणी मला वाटतं की काहीच तुटलेलं नाही, कुणी मेलं नाही, कारखाना चालू आहे. 2005 मध्ये ब्राउन्स लेनमधलं गाड्यांचं उत्पादन थांबलं हे मला माहीत आहे. पण तो क्षण खोटा आहे असं तू म्हणशील तर मी भांडेन. त्या क्षणासाठीच माणूस हे सगळं करतो. आतल्या बाजूला तारीख ठोकलेली आहे, हे माहीत असताना तो क्षण तसाच येईल?

साशंक : मला ठाऊक नाही. कदाचित नाही येणार. कदाचित दुसरा काहीतरी येईल.

हौशी : आणि अजून एक अडकलंय. तुला दाखवायचंच होतं. डाव्या सिलचा आतला पत्रा अजून बंद केलेला नाही. कारखान्याने तिथे पाणी बाहेर जायला जेवढी जागा ठेवली होती ती अपुरी होती, चिखलाने बुजायची, आणि म्हणून ही गाडी कुजली. पत्रेवाला म्हणतो, खालून दोन भोकं जास्तीची पाडू, दहा-दहा मिलिमीटरची, रबरी बूच बसवू. हिवाळा संपला की काढायचं, पाणी सोडायचं, परत बसवायचं. माझ्या नियमात हे बसतं. पाणी गाडीचा जीव घेतं, तेव्हा भोकं पाडायची. पण ती पाडली की कारखान्याची चूक मी पुसली. नाही पाडली तर ती चूक मी मुद्दाम, माहीत असताना, पुन्हा केली. कारखान्याची निदान घाई होती.

साशंक : पुढच्या मालकाने काय करावं असं तुला वाटतं? कारण भोकं पाडायची ती त्याच्यासाठी. तुझ्या हयातीत हा सिल कुजणार नाही.

हौशी : पुढचा मालक असेल का, तेच कळत नाही. पेट्रोल कुठवर मिळेल, रबर बनवणारं कुणी उरेल का, हेड उपटायचा पुलर कुणाच्या भिंतीवर लटकत असेल. मुलाला तिच्यात बसायला आवडतं, चालवायची इच्छा मात्र तो दाखवत नाही.

साशंक : मग पत्रेवाल्याला काय सांगितलंस?

हौशी : शनिवारपर्यंत थांब म्हटलंय. ड्रिल तिथेच ठेवलंय, पेन्सिलीने दोन जागा आखल्यात. पेन्सिलीच्या बाजूला त्याने स्वतःहून आजची तारीख लिहिली आहे. ती पुसायची की नाही, हेही ठरलेलं नाही.